घरात येणारे पाणी आपले, जाणारे कुणाचे?

चाळीतून, झोपडपट्टीतून बाहेर पडून ठाणे, कल्याण, डोंबिवलीत स्वतःच्या नावावर घर करणाऱ्या आपल्यातल्या अनेकांची ही पहिलीच पिढी आहे. घर घेताना आपण नळाला पाणी किती वेळ येते, स्टेशन किती लांब आहे, लिफ्ट आहे की नाही, सगळे विचारतो. पण या घरातला मैला कुठे जातो आणि तो अडकला तर कोण काढतो, हे किती जण विचारतात? २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा प्रश्न हक्काच्या पाण्याचा होता. घरातून बाहेर जाणारे पाणी हाही तितकाच जातीचा प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

पुरावा लांब शोधायला नको. ऑक्टोबर २०१८ मध्ये डोंबिवलीच्या खंबाळपाड्यात चेंबरमध्ये तीन कामगार गुदमरून मेले. मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळीत एका गृहसंकुलाच्या सांडपाणी टाकीत आणखी तीन तरुण गेले. दुसऱ्या घटनेतली टाकी सरकारी नव्हती. ती फ्लॅटवाल्यांची, म्हणजे आपल्यासारख्यांचीच होती.

कायदा काय सांगतो? हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा लागू झाला तो ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे फक्त महापालिकेला नाही, सोसायटीलाही लागू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख केली. पण भरपाई मेल्यानंतर मिळते.

आमच्या नव्या इमारतीचा मैला सेप्टिक टाकीत जात होता. तो महापालिकेच्या मलवाहिनीला जोडायचे ठरले. जोडणीआधी टाकी रिकामी करावी लागते आणि धोका नेमका तिथेच असतो. तळातला गाळ ढवळला की विषारी वायू सुटतो. तो जास्त असला की नाकाला वासही कळत नाही आणि माणूस जागीच कोसळतो. ठेकेदार म्हणाला, "पाच मिनिटांचे काम आहे, माणूस उतरवतो." आम्ही विचारले, "कोणता माणूस? कोणत्या वस्तीतला?" तो गप्प बसला. उत्तर सगळ्यांनाच माहीत होते.

आम्ही काम थांबवले. सक्शन गाडी बोलावली, परवानाधारक प्लंबरकडून पाइपचा उतार तपासून घेतला, पावसाच्या पाण्याची लाइन वेगळी ठेवली. उतार बरोबर असेल तर लाइन सहसा तुंबत नाही. लाइन तुंबली नाही तर माणूस उतरवायची वेळच येत नाही. खर्च वाढला म्हणून काही सभासद कुरकुरले. त्यांना आम्ही एवढेच म्हटले की खाली उतरणारा तुमचा मुलगा असता तर हा खर्च जास्त वाटला असता का?

मित्रांनो, जयंतीला लाखोंची रोषणाई करणाऱ्या आपल्या मंडळांनी एक काम हाती घ्यावे. आपण राहतो त्या प्रत्येक सोसायटीच्या सभेत ठराव मांडावा : आमच्या टाकीत, आमच्या चेंबरमध्ये माणूस उतरणार नाही, मशीनच येईल. तो ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि सफाईच्या ठेक्यातही तशी अट घालावी. आपण त्या कामातून बाहेर पडलो, हे पुरेसे नाही. आपल्या जागी दुसऱ्या कुणाला उतरवून मिळालेले घर बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभत नाही.

जयभीम!