काळ्या मातीत येर्बा माते

येर्बा माते, म्हणजे आयलेक्स पॅराग्वारिएन्सिस, हा दक्षिण अमेरिकेतील पराना नदीच्या खोऱ्यातला सदाहरित वृक्ष असून त्याच्या वाळवलेल्या पानांचे कॅफिनयुक्त पेय अर्जेंटिना, पॅराग्वे, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमध्ये रोज प्यायले जाते. हे झाड जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडला तगेल का, असा प्रश्न निघाला की लक्ष प्रथम मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हाकडे जाते. पण मुळात मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणाऱ्या या झाडाला शेडनेटने बरेच सांभाळता येते, खरी अडचण माती आणि पाण्याची आहे.

अर्जेंटिनातील मिसिओनेस प्रांताची माती लाल, खोल व आम्लधर्मी असून तेथे वर्षाकाठी १६०० ते २००० मिलिमीटर पाऊस बारा महिन्यांत विभागून पडतो. बोदवडकडे साधारण ७०० मिलिमीटर पडतो आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत. शिवाय ज्या भारी काळ्या जमिनीवर येथला कापूस पोसतो, तिचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचा निर्देशांक, बहुधा साडेसातच्या वर असतो; तिच्यातल्या चुनखडीमुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही. परिणामी कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, ज्याला भुईमुगावर शेतकरी केवडा म्हणतात. अशा मातीत हिराकस टाकणे जवळपास वाया जाते, कारण ते लवकरच अविद्राव्य होते. त्याची सौम्य फवारणी पानांवर केलेली बरी. कोकणातली जांभी माती व पालापाचोळ्याचे खत भरलेल्या मोठ्या कुंडीत रोप लावले, तरी बोअरच्या जड पाण्याने सामू हळूहळू चढतोच. म्हणून छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवणे हाच भरवशाचा मार्ग.

बियांचा प्रश्न याहून चिवट आहे. फळ पिकले तरी आतला गर्भ अपक्व असतो, त्यामुळे बी ओलसर वाळूत कित्येक महिने ठेवावे लागते आणि तरीही उगवण तुरळक व मागेपुढे होते. सतराव्या शतकात जेझुइट धर्मप्रसारकांनी ते उगवण्याची युक्ती साधली होती; १७६७ मध्ये स्पॅनिश साम्राज्यातून त्यांची हकालपट्टी झाल्यावर मळे ओस पडले, युक्तीही विसरली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती नव्याने शोधावी लागली. नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येत असल्याने एकट्या झाडापासून बी धरण्याची आशाही नको.

एवढ्या खटाटोपात एकरी लागवडीचा विचार करणे अव्यवहार्यच. हौशी माणसाच्या कुंडीपुरते मात्र ते शक्य आहे. चौथ्या-पाचव्या वर्षापासून फांद्या छाटून पाने घेता येतात, पण सगळा पाला ओरबाडू नये. तोडलेली पाने शक्यतो त्याच दिवशी धगीवरून झटपट फिरवावीत, म्हणजे त्यांना काळे पाडणारी विकरे निष्क्रिय होतात. नंतर ती मंद उष्णतेवर पूर्ण वाळवावीत.