खाडा नसलेली खाणावळ

मे महिना जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दोन प्रकारच्या घरांत बॅगा भरल्या जातात. काहींना कोकण-गोव्याला जायचे असते, तर काहींची मुले अमेरिकेत असतात. दुसऱ्या घरांत आई-वडिलांचा व्हिसा झाला, तिकिटे निघाली की मुलाचा फोन येतो, "इकडे आलात की ऑरलँडोला जाऊ, डिस्ने वर्ल्ड बघू." पाठोपाठ दुसरा प्रश्नही येतोच, "तिथल्या जेवणाचे पैसे आधीच भरून टाकू का?" २०२४ च्या मे महिन्यात हा प्रश्न आमच्याही घरी आला. दिसायला तो डॉलरचा हिशेब आहे. पण वाचकहो, त्यात शिरले की आपल्या घरातली माणसे कशी जेवतात, कोण कोणासाठी उपाशी राहते, हे सगळे बाहेर येते. म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर.

आधी ती जागा समजून घेतली पाहिजे. फ्लोरिडा राज्यात ऑरलँडो शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे २५ हजार एकरांवर डिस्ने वर्ल्ड पसरले आहे. त्यात चार मोठी उद्याने आहेत. मॅजिक किंगडम १९७१ चे, एपकॉट १९८२ चे, आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते १९८९ चे आणि ॲनिमल किंगडम १९९८ चे. मध्ये तळी, दाट झाडी, हॉटेले आणि रुंद रस्ते. एका उद्यानातून दुसऱ्यात जायचे तर बस, मोनोरेल, बोट किंवा डोक्यावरून तारेवर सरकणारे पाळणे. पायी जाऊन कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव खावा, असा कोपराच तिथे नाही.

हे योगायोगाने झालेले नाही. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात ॲनाहाइम येथे पहिले डिस्नेलँड उघडले, तेव्हा हाताशी जमीन थोडी होती. बघता बघता कुंपणाबाहेर दुसऱ्यांची हॉटेले आणि खाणावळी उभ्या राहिल्या. लोक येत डिस्नेकडे, पण राहत आणि जेवत बाहेर. म्हणून फ्लोरिडात १९६० च्या दशकात त्यांनी गाजावाजा न करता, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी भरपूर जमीन घेतली. डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट वारले. त्यांचे थोरले बंधू रॉय यांनी निवृत्ती लांबवून काम पुरे केले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी दारे उघडली. पाहुण्याने राहावे, फिरावे आणि जेवावेही आपल्याच आवारात, हा विचार त्या जमिनीतच पेरलेला आहे. जेवणाचा प्लॅन हे त्याचेच पीक.

हा प्लॅन २००५ मध्ये सुरू झाला, २०२० मध्ये साथीच्या काळात बंद पडला आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा आला. तो डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांनाच मिळतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक माणसाला दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणे आणि एक खाऊ मिळतो. दुसऱ्यात काउंटरवरचे एक जेवण, टेबलावर बसून वाढले जाणारे एक जेवण आणि एक खाऊ. दोन्हींत हॉटेलात पुन्हा पुन्हा भरून घेता येणारा पेयाचा एक मग. जेवण म्हणजे एक मुख्य पदार्थ आणि एक पेय. टेबलावरच्या जेवणाला शेवटी गोडही. बफे असेल तर अख्खे बफे. २१ वर्षांवरच्यांना पेयात बिअर-वाईनही चालते. कर त्यात आला, पण वाढणाऱ्याची बक्षिशी, जी तिथे १८ ते २० टक्के द्यायची रीत आहे, ती वेगळी.

२०२४ मध्ये पहिल्या प्रकाराचा दर मोठ्या माणसाला रात्रीला ५७.०१ डॉलर आणि ३ ते ९ वर्षांच्या मुलाला २३.८३ डॉलर होता. दुसऱ्याचा ९४.२८ आणि २९.६९. दहावे वर्ष लागले की मूल जेवणापुरते मोठे! आमचा गोतावळा सहा जणांचा: आई, मी, धाकटा भाऊ, धारवाडची भावजय, अकरा वर्षांचा भाचा आणि सहा वर्षांची भाची. म्हणजे पाच मोठे, एक लहान, चार रात्री. पहिला प्रकार घेतला तर १२३५ डॉलर, दुसरा घेतला तर २००४. त्या वेळच्या ८३ रुपयांच्या भावाने पहिला लाखाच्या वर आणि दुसरा एक लाख सहासष्ट हजारांच्या घरात. चार रात्रींच्या जेवणाला!

मी वाणिज्य शाखेला शिकवते, त्यामुळे वही उघडली. भाऊ त्या वर्षीचे मेनू वाचत होता, मी मांडत होते. शाकाहारी माणसाचे काउंटरवरचे ताट साधारण १३ डॉलर, थंड पेय ५. अशी दोन जेवणे ३६. खाऊचे ६. मगाची किंमत चार दिवसांत वाटली तर दिवसाला पाच-साडेपाच. बेरीज ४८ च्या आत, आणि भरायचे ५७. म्हणजे शाकाहारी, दारू न पिणाऱ्या माणसाला रोज नऊ डॉलरचा तोटा. तोच मटण-मासे खाणारा आणि प्रत्येक जेवणाला बिअर घेणारा असेल तर हिशेब उलटतो. लहान मुलांचाही उलटतो. मिकी माउस टेबलापाशी येऊन हात मिळवतो अशा बफेला मुलाचेच चाळीस डॉलरच्या आसपास पडतात आणि दुसऱ्या प्रकारात मुलाचा अख्खा दिवस २९.६९ चा. पण फक्त मुलापुरता प्लॅन घेता येत नाही. एका खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सर्वांनी घ्यायचा, आणि सगळ्या रात्रींसाठी घ्यायचा. २०२६ च्या मुक्कामासाठी तर मोठ्यांनी प्लॅन घेतला तर ३ ते ९ वर्षांच्या मुलांचा फुकट, अशी योजना निघाली आहे. दर आणि अटी वर्षागणिक बदलतात, तेव्हा जाताना त्या वर्षीचा कागद वाचूनच पेन उचलावे.

आता आपल्या खाणावळीकडे या. आमच्या कॉलेजच्या भागात खेड्यांतून आलेली मुले महिन्याचे पैसे आधी भरून जेवतात. एखादा शनिवारी गावाला गेला तर मावशी वहीत खाडा धरते आणि महिनाअखेर तेवढे पैसे वळते होतात. आदल्या दिवशी सांगितले पाहिजे, एवढीच अट. ही खाड्याची सोय म्हणजे खाणावळीचा धर्म आहे. भूक ही रोज सारखी नसते, हे त्या मावशीला ठाऊक असते. डिस्नेच्या प्लॅनमध्ये खाडा नाही. जितकी जेवणे उरली तितकी मुक्काम सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री संपली. आणि ऑरलँडोच्या मे महिन्यात आपल्यासारखेच तीस-बत्तीस अंश ऊन, वर घामट हवा. दुपारी भूक मरते, नुसते पाणी प्यावेसे वाटते. त्यात आईची एकादशी. त्या दिवशीचे ५७ डॉलर कोणाच्या खात्यात मांडायचे?

इथवर वहीचा कौल स्पष्ट होता. पण भावजयीने एक वाक्य टाकले आणि आम्ही थांबलो. ती म्हणाली, "अत्ती जेवणार कशा, ते आधी सांगा."

तिचे म्हणणे खरे होते. अटलांटात पहिल्याच आठवड्यात आईने पाच डॉलरच्या कॉफीचे रुपये करून पाहिले होते. चारशेच्या वर! त्या दिवसापासून बाहेर पडलो की तिला भूकच लागेना. "साकु, मला नको, तुम्ही घ्या." भाचीने अर्धा टाकलेला पाव तेवढा खायची. आपल्या कितीतरी आया मुलांच्या परदेशात अशाच वावरतात. मुलाच्या पैशांना धक्का लागू नये म्हणून पोटाला चिमटा. वर रोज संध्याकाळी बेळगावहून शेजारणीचा फोन, "ऊटा आतेनरी?" आणि हिचे उत्तर, "आता, आता!" प्लॅन घेतला असता तर पैसे आधीच गेलेले असते, मग आई निदान पोटभर जेवली असती. १९९८ साली ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाईन या दोन अभ्यासकांनी हेच मांडले: पैसे आधी देऊन झाले की उपभोगाच्या वेळी देण्याचा सल कमी होतो. प्लॅनवाले नेमकी हीच निश्चिंती विकतात आणि ती खोटी नाही.

पण तिला दुसरीही बाजू आहे. पैसे भरलेत म्हणून नको असताना खाणे, हेही आपल्याच स्वभावात बसते. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने आणि बफेत हिशेबाने आपण जास्त खातो. शिवाय टेबलावरच्या जेवणाची जागा साठ दिवस आधी धरून ठेवावी लागते, आणि बसले की दीड तास जातो. उद्यानाचे एका दिवसाचे तिकीट त्या वर्षी १०९ डॉलरपासून पुढे होते. भरलेल्या जेवणापायी भरलेला दिवस टेबलाशी घालवायचा का, हाही प्रश्न. भावजयीच्या माहेरी एक म्हण आहे, तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ असेल: "ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल." ज्याला जेवण कळते त्याला रोग नाही, ज्याला बोलणे कळते त्याचे भांडण नाही. जेवण कळणे म्हणजे कुठे थांबायचे ते कळणे.

शेवटी आम्ही प्लॅन घेतला नाही. भावाने डिस्नेचे एक गिफ्ट कार्ड घेतले, त्यात १००० डॉलर भरले आणि ते आईच्या हातात दिले. "हे पैसे गेले. आता इथल्याशिवाय कुठे चालत नाहीत. तू खजिनदार." खोली कुटुंबाची होती, तिच्यात लहान फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. वाटेत नव्वद डॉलरचे दूध, दही, फळे, पाव घेतले. बेळगावहून नेलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी होतीच. (विमानतळावर कस्टमच्या कागदावर खाण्याचे पदार्थ लिहिले की अडचण येत नाही, लपवू मात्र नये.) तिथल्या उद्यानांत घरचे खाणे आत नेऊ देतात, काचेची भांडी तेवढी नकोत. काउंटरवर मागितले की बर्फाचे पाणी फुकट मिळते. आई प्रत्येक ठिकाणी खुणेने बर्फ काढायला सांगायची.

सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जाताना आपण बुत्ती बांधतो, शिदोरी म्हणा हवे तर. एपकॉटच्या तळ्याकाठी बसून आम्ही तशीच सोडली. तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत, मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत. भारताचे नाही. त्या दिवशी बाकावर कडक भाकरीचा तुकडा मोडताना आवाज झाला तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, बाराव्या देशाचे हॉटेल उघडले!"

एक जेवण मात्र आम्ही बसून जेवलो. ॲनिमल किंगडमजवळच्या लॉजमध्ये 'सना' नावाचे उपाहारगृह आहे. तिथे नान, कुलचा, पराठा अशा पाच प्रकारच्या रोट्या नऊ चटण्या-रायत्यांबरोबर मिळतात आणि काचेपलीकडे माळावर जिराफ, झेब्रे चरत असतात. आईने स्वतः मागवले, स्वतः कार्ड दिले, दोनदा नान घेतला. जिराफ सावकाश पाला ओढत होता. भाची म्हणाली, "अज्जी, त्याचा प्लॅन अनलिमिटेड आहे." आई इतकी हसली की वाढणारी मुलगीही थांबून हसू लागली.

पाच दिवसांनी कार्डावर ६४ डॉलर उरले. किराणा धरून खर्च १०२६. पहिल्या प्रकारापेक्षा दोनशे डॉलर कमी आणि त्यात बसून केलेले एक जेवणही आले. उरलेले ६४ मध्यरात्री संपले नाहीत. त्या कार्डाला मुदत नाही. आईने ते भावाला परत देताना म्हटले, "एवढा खाडा धर."

हा सगळा हिशेब आमच्या घराचा. तुमचा वेगळा निघू शकतो. घरात तीन ते नऊ वर्षांची मुले असतील, मांसाहार चालत असेल, बिअर-वाईन घेणारे कोणी असेल आणि मिकीबरोबरचे जेवण मुलांना हवेच असेल, तर प्लॅन फायद्याचा ठरतो, निश्चिंती वर. घर शाकाहारी, वडीलधारी माणसे सोबत, उपासतापास आणि खाणे बेताचे असेल, तर पैसे सुटे ठेवावेत. पण सुटे म्हणजे आपल्या खिशात नव्हेत. जो सर्वांत कमी खातो, त्याच्या हातात ते द्यावेत. मेनूतल्या किमती कोणीही वाचून दाखवील. आपल्या माणसाचे "भूक नाही" हे खरे की खोटे, ते मात्र जायच्या आधी आपल्यालाच ओळखावे लागते.