विल्यार हे नाव इतक्या ठिकाणी का?

मनू,

ताईकडून तुझा प्रश्न कळला. घरमालकीण राहते ते घर कामेला कंपनीने बांधलेलं, सामान आणता तो व्हिस्टा मॉल, फर्निचर घेतलंत ते ऑलहोम, आणि हे सगळं एकाच विल्यार घराण्याचं. वर निवडणुकीच्या फलकांवरही तेच आडनाव. ‘हे व्यापारी आहेत की पुढारी?’ असं तू विचारलंस म्हणे. ताईने प्रश्न माझ्याकडे ढकलला, कारण माझा जन्म बँकेत गेला. तुझं वैद्यकीय कॉलेज नेमकं फिलिपिन्समधल्या लास पिन्यासला असल्यामुळे तू या गोष्टीच्या ऐन मध्यावर राहते आहेस.

हे सगळं उभं करणाऱ्या मॅनी विल्यारचा जन्म १३ डिसेंबर १९४९ चा, मनिलाच्या तोंडो वस्तीतला. नऊ भावंडांत दुसरा. वडील सरकारी मत्स्य खात्यात, आई दिविसोरियाच्या बाजारात कोळंबी आणि मासळी विकायची. दिविसोरिया म्हणजे आपलं मस्जिद बंदर समज. पोरगा लहानपणापासून आईच्या हाताखाली तिथे राबला आणि शिकलाही. फिलिपिन्स विद्यापीठातून १९७० मध्ये व्यवसाय प्रशासनाची पदवी, १९७३ मध्ये एमबीए. मग देशातल्या नावाजलेल्या हिशेबतपासनीस कंपनीत नोकरी. चारचौघांसारखं चाललं असतं, पण नोकरी सोडून त्याने मासळी पुरवायचा धंदा सुरू केला.

आता माझ्या आवडीचा भाग. मकातीतल्या एका हॉटेलकडे त्याचे ६० हजार पेसो थकले. हॉटेलवाल्याकडे पैसेच नव्हते. अशा वेळी सावकार भांडतो, नाहीतर कोर्टात जातो. याने हॉटेलवाल्याला पटवून जेवणाची कुपनं छापली आणि ती सवलतीत आसपासच्या ऑफिसांतल्या नोकरदारांना विकली. ती माणसं हॉटेलात जेवली, पैसे मात्र याच्या खिशात आले. वर्षभरात वसुली झाली. बुडीत खाती बघण्यात माझी उमर गेली. इतकी देखणी वसुली मी एकही पाहिली नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडे दुसरं काय आहे, हे त्याने पाहिलं. विल्यार यांचं सगळं पुढचं आयुष्य मला या कुपनांत दिसतं.

१९७५ मध्ये १० हजार पेसोंच्या भांडवलावर त्यांनी दोन जुने, दुरुस्त केलेले ट्रक घेतले आणि लास पिन्यासमध्ये बांधकामांना वाळू-खडी पुरवू लागले. तेव्हाची पद्धत अशी, की विकासकाने जमिनीचा तुकडा विकायचा आणि घर ज्याने त्याने सवडीने बांधायचं. पगारावर जगणाऱ्याला ती सवड कधीच मिळत नाही. विल्यार यांनी जमीन आणि तयार घर एकत्र विकायला काढलं. छोटी घरं, एकाच नमुन्याची, हजारोंनी. गिऱ्हाइकाच्या हाती रोकड नव्हती, पण दरमहाचा पगार होता आणि सरकारी गृहकर्जाच्या योजना होत्या. पुढे परदेशात राबणारे फिलिपिनोही गिऱ्हाईक म्हणून आले. चिपळूणच्या शाखेत असताना आखाती पैशावर उभी राहिलेली घरं मी पाहिली आहेत. जहाजावर किंवा परक्या देशातल्या इस्पितळात खपणाऱ्या माणसाला गावी आपलं पक्कं छप्पर हवं असतं, ही भूक सगळीकडे सारखीच. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात पेसो कोसळला आणि विल्यार यांची कंपनी कर्जात रुतली. त्यातूनही ते वर आले. २००७ मध्ये त्यांची व्हिस्टा लँड ही कंपनी शेअर बाजारात आली आणि पुढे फोर्ब्सच्या यादीत ते देशातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ ठरले.

राजकारण या सगळ्याच्या जोडीनेच चाललं. पत्नी सिंथिया या लास पिन्यासच्या आगिलार या राजकारणी घराण्यातल्या. १९९२ मध्ये विल्यार तिथून प्रतिनिधिगृहात निवडून गेले, १९९८ मध्ये सभापती झाले. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते जोसेफ एस्त्रादा, सिनेमातले नट. २००० मध्ये त्यांच्यावर बेकायदा जुगारातून पैसे घेतल्याचे आरोप झाले. तिथल्या घटनेनुसार एक तृतीयांश सदस्यांच्या सह्या असल्या, की महाभियोग मतदानाशिवाय थेट सिनेटकडे जातो. १३ नोव्हेंबरला सभागृहात प्रार्थना झाली आणि विल्यार यांनी एका दमात आरोपपत्र वाचायला घेतलं. एस्त्रादांचे लोक हरकती घेत ओरडत राहिले, तोवर काम झालं होतं. विल्यार यांची सभापतीची खुर्ची गेली, पण जानेवारीत एस्त्रादांचीही गेली.

२००१ मध्ये ते सिनेटवर गेले आणि २००६ ते २००८ सिनेटचे अध्यक्ष होते. मग सी-५ रस्त्याच्या विस्ताराचं प्रकरण निघालं. २००८ च्या अर्थसंकल्पात या रस्त्यासाठी २० कोटी पेसोंची तरतूद दोनदा घातली गेली आणि रस्ता त्यांच्याच कंपन्यांच्या जमिनींकडे वळवला, असा आरोप. त्यांनी तो साफ नाकारला. सिनेटच्या समितीने ठपक्याची शिफारस केली, पण सभागृहात त्यावर निर्णय झालाच नाही. मी न्यायाधीश नाही. पण संचालकाच्या नातेवाइकाचं कर्ज असलं की त्या संचालकाने चर्चेला बसायचं नाही, हा आमच्या बँकेतला साधा नियम होता. जमीन विकणाऱ्याने रस्त्याच्या पैशाच्या चर्चेला बसूच नये. तो बसला, तर गुन्हेगार असो वा नसो, लोकांना खरं-खोटं कळायचा मार्गच बंद होतो.

२०१० मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. गरिबीतून वर आलेला माणूस, हाच प्रचार. जानेवारीतल्या जनमत चाचण्यांत ते प्रतिस्पर्धी बेनिग्नो अकिनो यांच्या अगदी जवळ पोचले होते. मग रस्त्याचं प्रकरण तापलं, ते खरोखर गरीब होते का यावरही वाद झाला. निकालात अकिनो पहिले, विल्यार तिसरे. दुसरे कोण? एस्त्रादा!

नंतर घराणंच सिनेटमध्ये गेलं: २०१३ मध्ये सिंथियाबाई, २०२२ मध्ये मुलगा मार्क, २०२५ मध्ये मुलगी कामील. मार्क त्याआधी पाच वर्षं सार्वजनिक बांधकाम मंत्री होता, म्हणजे रस्ते पुन्हा घरातच. आपल्याकडची साखर कारखान्यांची घराणी पाहत वाढलेल्या माझ्या पिढीला यात नवल वाटत नाही, आणि वाटत नाही हेच वाईट.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: धंदेवाईक म्हणून पैकीच्या पैकी गुण, लोकप्रतिनिधी म्हणून काठावर पास. लास पिन्यासच्या लोकांनी त्याहून कडक तपासलं. मे २०२५ मध्ये सिनेटची मुदत संपल्यावर सिंथियाबाई प्रतिनिधिगृहातल्या आपल्या जुन्या जागेसाठी उभ्या राहिल्या आणि एका स्थानिक नगरसेवकाने त्यांना मोठ्या फरकाने पाडलं.

तुझ्या घरमालकिणीने ते घर किती वर्षांच्या हप्त्यांवर घेतलं आणि व्याज काय पडलं, तेवढं विचारून मला कळव.

तुझा,
मामा