ओळख पटेना

अपमानाचे जे अनेक प्रकार माणसाच्या वाट्याला येतात, त्यांत ‘आपण कोण?’ हा प्रश्न आपल्याच दारात ऐकावा लागणे, हा प्रकार फार झोंबणारा आहे, असे मला वाटते. परक्याच्या दारात कोणी असे विचारले तर आपण हसून नाव सांगतो. पण ज्या कचेरीत दहा वर्षे खुर्ची झिजवली, तिथल्या नव्या पहारेकऱ्याने हटकले की नाव सांगतानासुद्धा आवाज एक पट्टी वर चढतो.

माझा सारा व्यवसाय या एका प्रश्नाभोवती फिरतो. सर्व्हर नावाच्या मोठ्या यंत्रांच्या दारात माणसे उभी राहतात, नाव सांगतात, पासवर्ड सांगतात, आणि यंत्र म्हणते, ‘परवानगी नाही.’ मग मला बोलावणे येते. लग्नकार्यात कोणी आप्त विचारतात, ‘‘म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?’’ मी सांगतो, ‘‘रुसलेल्या दारांची समजूत काढतो.’’ ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की, मी सुतारकामाची कंत्राटे घेतो.

पूर्वी प्रत्येक यंत्राची आपापली वही असे. आपल्याकडे येणाऱ्या माणसांची नावे त्याने त्या वहीत टिपून ठेवायची. लिनक्सच्या यंत्रात अशी वही आजही असते. यंत्रे चार असली तर हे ठीक. पण ती दोनशे झाली की, नोकरी सोडून गेलेल्या एका कारकुनाचे नाव दोनशे वह्यांतून खोडायचे कोणी? म्हणून सगळ्यांची मिळून एकच मध्यवर्ती वही ठेवण्याची कल्पना निघाली. १९८८ साली ‘एक्स-५००’ नावाचा या वहीचा नियमसंच प्रसिद्ध झाला. तो इतका भारदस्त होता की, लहान यंत्रांना तो पेलवेना. तेव्हा अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातले टिम हाउझ आणि त्यांचे सहकारी यांनी त्याची एक हलकी रीत बसवली. १९९३ साली ती प्रसिद्ध झाली. तिला ‘एलडॅप’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘एल’चा अर्थच मुळी ‘हलका’ असा आहे. एक वही, एक नाव, एक पासवर्ड. सोय मोठी झाली. पण एकत्र कुटुंबात तिजोरीची किल्ली हरवली म्हणजे जे होते, तेही सोयीबरोबर आले. ती वही दिसेनाशी झाली की सगळी माणसे सगळ्या दारांत एकदमच परकी होतात.

यंत्राचे ‘नाही’ एकच; त्यामागची कारणे मात्र अनेक. तान्हे मूल रडते, पण पोट दुखते की कान, ते सांगत नाही, तसेच हे. म्हणून क्रमाने विचारीत जावे लागते. आधी ‘आयडी’ हा चिमुकला हुकूम देऊन पुसायचे, ‘बाबा रे, या नावाचा माणूस तुला ठाऊक आहे का?’ मग वहीकडून आलेला आकडा पाहायचा. तो ४९ असला तर निरोप वहीपर्यंत पोचला आहे, नाव किंवा पासवर्ड तेवढा चुकला. उणे एक असला तर वहीशी बोलणेच झालेले नाही. घड्याळही बघून घ्यावे. कर्बरॉस नावाची ओळख पटवण्याची एक रीत आहे. ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे नाव तिला दिले आहे, आणि घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक तफावत पडली की ते कुत्रे सहसा कोणाला आत सोडीत नाही. आमच्याकडची लग्ने त्याच्या हाती दिली असती, तर एकही मुहूर्तावर लागले नसते, कारण भटजीच बाहेर राहिले असते!

पण साऱ्या कारणांत मला नवल वाटते ते दाखल्याचे. नोव्हेंबर उजाडला की आपल्याकडचे पेन्शनर हयातीच्या दाखल्याच्या मागे लागतात. आमचे एक काका दर वर्षी संतापून म्हणत, ‘‘मी धडधडीत समोर उभा आहे, आणि हा पोरगा म्हणतो, जिवंत असल्याचा दाखला आणा!’’ सर्व्हरांच्या राज्यात हाच न्याय आहे. फक्त तिथे दाखला पाहुण्याने दाखवायचा नसतो, घरधन्याने दाखवायचा असतो. आणि ते योग्यच आहे. आपण आपला पासवर्ड ज्याच्या हाती देणार, तो खरोखर तोच आहे की नाही, हे आधी कळायला नको का?

दाखल्यावर तीन गोष्टी पाहतात. पहिली मुदत. दुसरे नाव : घरी ‘बाळासाहेब’ आणि कागदावर ‘विनायक’ असे चालत नाही. ज्या नावाने हाक मारली, तेच नाव दाखल्यावर पाहिजे. तिसरी सही. सही करणाऱ्याला कोण ओळखतो, त्याला कोण ओळखतो, असे सोयरिकीसारखे धागे जुळवत एखाद्या मान्यवर घराण्यापर्यंत पोचावे लागते. मधला एक मामा गळला की सोयरीक तुटली. अशा मूळ घराण्यांनाही मुदत असते. ‘ॲडट्रस्ट’ नावाच्या एका मूळ दाखल्याची वीस वर्षांची मुदत ३० मे २०२० रोजी संपली. नव्या ब्राउझरांनी दुसऱ्या नात्याने ओळख काढून घेतली. जुन्या वळणाच्या कित्येक सर्व्हरांना मात्र दुसरे नाते सुचेना, आणि ते अडून बसले.

एकदा भल्या पहाटे एका इस्पितळातून फोन आला. तिथल्या रक्त तपासणीच्या विभागात आठच दिवसांपूर्वी लागलेल्या एका मुलीला सर्व्हर आत घेईना. अहवाल तर वाट पाहत होते. ‘‘माझं सगळं व्यवस्थित चालतंय,’’ तिच्या वरिष्ठ बाई मला म्हणाल्या. ‘‘हिलाच पासवर्ड धड टाकता येत नाही. दहादा सांगितलं!’’ बाईंची रात्रपाळी सहाला संपायची होती. त्या गेल्या असत्या तर आत जाऊ शकणारे कोणी उरले नसते. मागे त्या मुलीचा रडवेला आवाज ऐकू येत होता, ‘‘सर, मी बरोबरच टाकतेय हो!’’

एकाला प्रवेश आणि दुसऱ्याला मज्जाव, यातच सारे मर्म होते. दारावरचा जो ‘एसएसएसडी’ नावाचा द्वारपाल असतो, त्याला आठवण ठेवायला सांगून ठेवता येते. मग वही दिसेनाशी झाली तरी पूर्वी आत येऊन गेलेल्यांना तो आठवणीवर सोडतो. बाईंना तो ओळखत होता. नव्या मुलीला त्याने त्या दारात कधी पाहिलेच नव्हते. नोंदी उघडल्या तेव्हा दिसले की, वहीच्या सर्व्हरने दाखवलेल्या दाखल्याची मुदत ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला, संपली होती. त्या मुलीचा पासवर्ड वहीपर्यंत गेलाच नव्हता, मग तो चुकणार कसा?

माझा तरुण सहकारी म्हणाला, ‘‘सर, एक ओळ बदलू या. दाखला तपासूच नको म्हणून सांगू. दोन मिनिटांत काम होईल. नीट मागाहून करू.’’ अशी ओळ खरोखरच असते, आणि तिच्यात ‘कधीही नाही’ या अर्थाचा एक शब्द लिहायचा असतो. पलीकडे अहवाल अडले होते, बाई घड्याळाकडे पाहत होत्या. त्याचे म्हणणे माणुसकीला धरूनच होते. पण ‘मागाहून’ हा दिवस पंचांगात नसतो. तपासणी बंद केली की, उद्या कोणीही मध्ये उभा राहून ‘वही मीच’ म्हणेल आणि साऱ्या इस्पितळाचे पासवर्ड आपण होऊन त्याच्या ओंजळीत पडतील. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या दाखले देणाऱ्या कंपनीत चोर शिरले आणि त्यांनी गूगलच्या नावाचे खोटे दाखले काढले; इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवण्यासाठी त्यांचा उपयोग झाला. ती कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली.

मला अशा वेळी हिरकणी आठवते. कोजागिरीच्या रात्री रायगडाचे दरवाजे मिटले, तान्ह्यासाठी ती गवळण कडा उतरून गेली, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण कथेचा उत्तरार्ध आपण घाईने सांगतो. महाराजांनी तिचा सन्मान केला, आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला. रात्री दरवाजा उघडा ठेवा, असा हुकूम काही त्यांनी काढला नाही. आईचे कौतुक आणि कड्याचा बंदोबस्त, दोन्ही एकाच मनात नांदू शकतात.

ती ओळ आम्ही बदलली नाही. वहीच्या सर्व्हरवर पाहिले, तो नवा दाखला महिन्यापूर्वीच येऊन पेटीत पडला होता. सेवा मात्र तेव्हापासून एकदाही बंद करून चालू केलेली नव्हती, त्यामुळे ती आठवणीतला जुनाच कागद येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवीत बसली होती. एका हुकुमासरशी तिने नवा दाखला हाती घेतला. चाळीस मिनिटे लागली. बाई सहानंतरही थांबल्या होत्या. ‘‘लागलं का गं?’’ त्यांनी विचारले, आणि मुलगी म्हणाली, ‘‘तोच पासवर्ड टाकला, बाई.’’ यावर बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने मला एवढेच ऐकू आले, ‘‘चल, आधी चहा घे.’’

आता तर जगाला दिसणाऱ्या संकेतस्थळांच्या दाखल्यांचे आयुष्य आखडत चालले आहे. मार्च २०२९ पासून ते ४७ दिवसांहून अधिक असणार नाही, असे ठरले आहे. घरगुती वह्यांचे दाखले आपल्या मर्जीचे असतात, पण मुदत त्यांनाही चुकलेली नाही. म्हणून मी त्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवतो. तिथे दुधाचे खाडे असतात, गॅसची टाकी लावल्याची खूण असते. त्यांच्या शेजारी माझे दाखले. यंदा एकाची मुदत नेमकी भाऊबीजेच्या चौकोनात आली आहे. परवा पाहतो तो त्याच्याखाली सौभाग्यवतींच्या अक्षरात लिहिलेले : ‘आदल्या दिवशीच आटपणे. ताईंकडे जेवायला जायचे आहे.’