गाण्यातली बेटं, पुस्तकातली बेटं

टॅम्पा, २५ डिसेंबर
आज गायक जिमी बफेटचा जन्मदिवस. २०२३च्या सप्टेंबरात तो गेला, पण इथे फ्लोरिडात अजून कुठूनही त्याचा आवाज कानावर येतो. लेकीने त्याचं ‘अ पायरेट लुक्स अ‍ॅट फिफ्टी’ हातात ठेवलं. म्हणाली, “आई, क्रूझवर जायच्या आधी हे वाच.” १९९६च्या नाताळात पन्नाशी गाठल्यावर आपल्या विमानातून केलेल्या कॅरिबियन सफरीची ही हकिगत, १९९८ साली आलेली. त्याच्या गाण्यांतली बेटं म्हणजे निवांत पडून राहायची जागा. पुस्तकात मात्र आजोबा भेटतात, शिडाच्या जहाजावरचे कप्तान. आणि मोबीलच्या गोदीत काम करणारे वडील. समुद्र या घरात आधी पोटापाण्याचा होता.

२८ डिसेंबर
विमानाचं नाव ‘हेमिस्फिअर डान्सर’. ग्रमन अल्बाट्रॉस जातीचं, धावपट्टीवर आणि पाण्यावर, दोन्हीकडे उतरणारं. पाण्यावर उतरायचं तर आधी वारा पाहायचा, लाटा पाहायच्या. १९९४मध्ये नँटकेटला त्याचं लहान जलविमान उड्डाण करतानाच उलटलं होतं; तो पोहून बाहेर आला. जानेवारी १९९६मध्ये जमैकात नेग्रिलला पोलिसांनी तस्कर समजून याच ‘डान्सर’वर गोळ्या झाडल्या. सोबत गायक बोनो सहकुटुंब होता. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. एवढं होऊनही वर्षभराच्या आत हा माणूस तेच विमान घेऊन केमन, कोस्टा रिका, कोलंबिया, अ‍ॅमेझॉन, त्रिनिदाद करत फिरला. मासेमारीची आणि मित्रांच्या मेजवान्यांची पानं लांबली आहेत, ती मी भराभर उलटली. हवामान, इंधन, नकाशे आले की मात्र वाचनाचा वेग आपोआप कमी होतो.

३१ डिसेंबर
बफेटचं एक लाडकं पुस्तक म्हणजे मार्क ट्वेनचं ‘फॉलोइंग द इक्वेटर’. १९९५च्या ‘बॅरोमीटर सूप’मधल्या काही गाण्यांमागे तेच आहे. ट्वेन कर्जात बुडाला होता. ते फेडायला व्याख्यानं देत जगभर फिरला आणि जानेवारी १८९६मध्ये मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरला. आपल्या कावळ्यांवर त्याने किती मन लावून लिहिलंय! काळ्या घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत नोकरीच्या वर्षांत माझ्या रोजच्या वाटेवर होती. बेटांच्या पुस्तकाने मला तिथे नेऊन सोडलं, याचा फार आनंद झाला.

२ जानेवारी
आज दिवसभर स्टीलपॅन. बफेटच्या वाद्यवृंदात १९८३पासून त्रिनिदादचे रॉबर्ट ग्रीनिज हे वाद्य वाजवत. आम्ही त्यांचं वादन लावलं आणि यांनी पेपर बाजूला ठेवला. हे तबला वाजवतात, त्यामुळे लगेच विचारलं, “सुरात कसं आणतात?” हातोडीनेच! तबल्याचे गठ्ठे ठोकावेत तसं, पण इथे थेट पत्र्यावर. तेलाच्या पिंपाचं तोंड ठोकून खोलगट करायचं, त्यावर एकेका स्वराची जागा आखायची, पत्रा तापवायचा, मग पुन्हा ठोकत ठोकत स्वर जुळवायचा.

त्यामागची कथा अंगावर येते. १८८०च्या दशकात इंग्रज सरकारने त्रिनिदादमध्ये ढोलांवर बंधनं घातली. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांच्या वंशजांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १९३०च्या दशकात बिस्किटांचे, रंगाचे डबे आले, मग तेलाची पिंपं. १९५१मध्ये त्रिनिदादच्या वादकांचा संघ ही पिंपं घेऊन लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजवून आला. क्रूझच्या जाहिरातीत हेच वाद्य पाहुण्यांच्या करमणुकीपुरतं वाजतं, याचं मला वाईट वाटतं. एवढ्या सोसण्यातून आलेला स्वर कान देऊन ऐकायला हवा.

५ जानेवारी
जावईबापूंनी ग्रँड केमनचा बेत विचारला. जॉर्ज टाउनला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात, त्यात वेळ जातो. त्यांचा कल बाजार आणि किनाऱ्याकडे होता. मी राष्ट्रीय संग्रहालय मागितलं. १५०३मध्ये कोलंबसाने कासवांवरून या बेटांना नाव दिलं. पुढे केमनचे लोक त्याच कासवांच्या शिकारीला ‘कॅटबोट’ नावाच्या लहान शिडाच्या होड्या वापरत, आणि मोठ्या गलबतांतून पार निकाराग्वाच्या किनाऱ्यापर्यंत जात. बफेटच्या आजोबांच्या जातकुळीची माणसं ही. त्यांच्याबद्दल वाचून झाल्यावर नुसत्या वाळूवर माझं मन रमणार नाही. यांनी लगेच दुजोरा दिला. लेक म्हणाली, “मग पहिल्याच बोटीने उतरूया.” ठरलं.