दिवाळी अंकाची मुदत

मराठी कथालेखकाचा हंगाम भर पावसाळ्यात असतो. जूनमध्ये संपादकांची पत्रं येतात, आता पत्रांऐवजी व्हॉट्सॲप, आणि ऑगस्टअखेर मजकूर हातात हवा असतो. आमच्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात नेमके हेच दिवस धास्तीचे. उल्हास नदी फुगते, घाटात दरड येते, बदलापूरच्या पुढे लोकल येईनाशी होते. वीज तर पहिल्या सरीलाच जाते.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या पोटाशी वसलेल्या इरशाळवाडीवर डोंगर आला. ठाकरांची वाडी. वर जायला रस्ता नाही, त्यामुळे यंत्रं चढवता आली नाहीत. माणसांनी फावड्यांनी, हातांनी माती उपसली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले, 23 तारखेला शोध थांबवला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हतीच.

आठवडा उलटला नसेल, एका संपादकांचा फोन आला. “ताई, तुम्ही तिथल्याच. इरशाळवाडीवर एक जबरदस्त कथा द्या, अंकाचं आकर्षण होईल.” मी नाही म्हणाले. त्यांना वाटलं, मानधनाचा प्रश्न आहे.

यात तत्त्वाचा आव आणायचं कारण नाही. त्या आठवड्यात माझ्या हातून काय उतरलं असतं ते ठरलेलंच होतं: काळरात्र, कोपलेला निसर्ग, चिखलात अर्धी बुडालेली शाळेची वही. ते सगळं टीव्हीवर येऊन गेलं होतं. कथेला दरडीच्या आधीची संध्याकाळ लागते. लावणीला कोण कुणाच्या शेतावर गेलं होतं, चौकच्या बाजारातून काय आणलं, कोणत्या घरात भांडण होऊन अबोला धरला होता. हे ज्यांना ठाऊक, त्यातले कितीतरी मातीखाली होते, आणि उरलेल्यांपुढे वही-पेन घेऊन बसणं मला अश्लाघ्य वाटलं.

तरी लगेच लिहूच नये, असा नियम मी करणार नाही. ह. ना. आपट्यांनी ‘काळ तर मोठा कठीण आला’ लिहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळाच्या झळा ताज्या असताना. ती टिकली, कारण आपट्यांनी साऱ्या मुलखाचं दुःख अंगावर घेतलं नाही, एका कुटुंबापुरती नजर ठेवली. उलट 1948 मध्ये गांधीहत्येनंतर गावोगाव घरं जळली, आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ यायला साठीचं दशक उजाडलं. उशीर झाला म्हणून तिचं काही बिघडलं नाही. दुर्गाबाई भागवत 1975 च्या कराड साहित्य संमेलनात, आणीबाणी चालू असताना, अध्यक्ष म्हणून उघड बोलल्या. पुढच्या संमेलनात बोलून ते चाललं नसतं. भाषणाला थांबता येत नाही. कादंबरी भाषणाची जागा घ्यायला जाते तेव्हा दोन्ही बिघडतात, असं माझं मत आहे.

मग अशा दिवसांत कादंबरीकारानं करायचं काय? मी वही भरते. त्यात विचार लिहीत नाही, विचार नंतरही सुचतात. जे नंतर हमखास विसरेन ते लिहिते. कर्जत स्टेशनाबाहेर पावसाच्या तोंडाला ठाकर, कातकरी बाया शेवळं घेऊन बसतात. शेवळाच्या जुडीबरोबर मूठभर काकडं देतात, कारण त्याशिवाय भाजी घशाला खाजते. नवीन राहायला आलेलं गिऱ्हाईक काकडं परत करून दहा रुपये कमी करा म्हणतं. बाई दहा रुपये कमी करते आणि काकडं तशीच पिशवीत टाकते. का, ते सांगत बसत नाही. या बाईला कधीतरी कादंबरीत जागा मिळेल. दरडीच्या दृश्यात तिचा उपयोग नाही.

2020 च्या मार्चात लोकल बंद झाल्या त्या दिवसांच्या नोंदीही आहेत. प्रवासी गाड्या नाहीत, मालगाड्या मात्र येत होत्या. घाट चढण्यासाठी कर्जतला मागून बँकर इंजिनं लागायची आणि तो धक्का रात्री घरापर्यंत ऐकू यायचा. एरवी गर्दीच्या आवाजात तो कधी कळलाच नव्हता. माझी एक कादंबरी तेव्हा छापखान्यात अडकली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना अर्धे ‘र’ आणि जोडाक्षरं फुटली होती, ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ शोधत मी तीच प्रुफं पुन्हा पुन्हा वाचली. अखेर प्रकाशन झालं ते ऑनलाइन. प्रमुख पाहुणे बोलत असताना कुणाच्या तरी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, आणि त्या समारंभातलं तेवढंच लोकांना आठवतं. पूर्वी हजाराची आवृत्ती निघायची, ही तीनशेची. खपायची तेवढी खपली.

संकट म्हणजे दरड किंवा साथ एवढंच नाही. इथली जमीन कादंबरीपेक्षा भराभर बदलते आहे. गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ मुंबई सोडून राजमाचीला जातो. पुस्तक 1958 चं. ती माची अजून ओळखू येते, पण आमच्या कोंदिवड्याकडून तिकडं निघालात तर आधी फार्महाऊसची कुंपणं लागतात. पनवेल-कर्जत नव्या लोहमार्गासाठी वावर्ल्याला अडीच किलोमीटरहून लांब बोगदा पाडला आहे. पहिल्या खर्ड्यात माझ्या नायकाचं भाताचं खाचर होतं. तिसऱ्या खर्ड्याला तिथं प्लॉटिंगचे दगड आले. मी खाचर ठेवलं आणि काळ मागं नेला. यावर दुसरा तोडगा मला सापडलेला नाही.

सध्या लिहिते आहे त्या कादंबरीतही इरशाळवाडी नाही. ती लिहायचा पहिला हक्क तिथून वाचलेल्यांचा आहे, आणि तसं लिहिणारी पोरं या वाड्यांतून तयार होताहेत. मोबाईलवर लिहितात, मित्रांना पाठवतात. संपादकांना विनंती एवढीच: त्यातली एखादी कथा तुमच्यापर्यंत आली, तर तिच्यातली ठाकरी वाक्यं ‘शुद्ध’ करू नका. शब्द अडला तर फोन करून लिहिणाऱ्यालाच विचारा. आणि मानधन आम्हाला देता तेवढंच द्या.