पावती कुणाच्या नावाची?

"रिसीव्हर म्हणजे टेलिफोनचा ना गं?" आईने विचारले तेव्हा मी पोट धरून हसले होते. तेव्हाच नीट चौकशी केली असती तर!

आम्ही रामवाडीला राहतो. आई मात्र गिरगावातल्या चाळीतल्या आपल्या दोन खोल्या सोडायला तयार नाही. बाबा गेल्यावर ह्यांनी कितीदा सांगितले, "आई, आमच्याकडे या." तिचे एकच पालुपद, "लग्न होऊन ह्याच दारातून आत आले, आता दुसरीकडे झोप लागायची नाही." भाडे महिना १८० रुपये. एक तारखेला मालकांचा माणूस यायचा, चहा घ्यायचा, पैसे मोजून पावती फाडायचा.

पुढे मालक वारले. तिघा मुलांचे वाटणीवरून बिनसले आणि प्रकरण हायकोर्टात गेले. कोर्टाने चाळीवर रिसीव्हर नेमला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ही सोय आहे. वारसांच्या भांडणात मिळकतीची धूळधाण होऊ नये म्हणून कोर्ट आपल्या वतीने माणूस नेमते. त्याने भाडी गोळा करायची, मिळकत सांभाळायची आणि पैचा हिशेब कोर्टाला द्यायचा. चाळीच्या दारावर तशी पाटीही लागली.

जुना माणूस मात्र येतच राहिला, आता मधल्या भावाच्या वतीने. पावतीपुस्तक संपलंय म्हणे, पुढच्या खेपेला देतो! वीस-बावीस वर्षांची ओळख. आई त्याच्यावर कशी अविश्वास दाखवणार? मग इंग्रजीत एक नोटीस आली, ती तिने पावत्यांच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिली. मला फोनवर म्हणाली होती, "कसलंसं कोर्टाचं पत्र आलंय." मी म्हटले, "आले की बघते." शाळेचे पेपर तपासायचे होते, मग गणपती आले. पेणची माणसे गणपतीच्या दिवसांत कुठे हलतात! मुलांना अर्जलेखन शिकवणारी मी, आईचे पत्र काही वाचले नाही.

समन्स आले तेव्हा रामवाडीहून पहिली एसटी पकडून पनवेल आणि तिथून गाडीने मुंबई गाठली. कोर्टाच्या परवानगीने रिसीव्हरने लघुवाद न्यायालयात आईवर घर खाली करण्याचा दावा लावला होता. कारण, वीस महिन्यांचे भाडे थकले!

"थकले?" आई कॉटवर बसूनच राहिली. "जन्मात कुणाचं देणं ठेवलं नाही मी. महिन्याच्या महिन्याला दिलेत पैसे."

"दिले असतील, आजी," वकीलसाहेब म्हणाले, "पण ज्याला द्यायचे त्याला दिले नाहीत. आणि दिल्याची पावती कुठे आहे?"

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ह्यात 'मालक' शब्दाच्या व्याख्येतच रिसीव्हर येतो. म्हणजे तो नेमल्यावर भाडे त्याचेच. थकबाकीची लेखी नोटीस दिल्यापासून नव्वद दिवस होईपर्यंत दावा लावता येत नाही, ते नव्वद दिवस आमच्या डब्यात गेले. पण समन्स हाती पडल्यापासून आणखी नव्वद दिवस मिळतात. तेवढ्यात सगळी बाकी १५ टक्के सरळव्याजाने कोर्टात भरली, पुढचे भाडे निकाल लागेपर्यंत नियमित भरले आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीसाठी घर खाली करण्याचा हुकूम होत नाही.

शेजारच्या काकूंनी तर भांडी बांधायला काढली होती. रिसीव्हरची माणसे येऊन सामान रस्त्यावर टाकणार, असे त्यांना कुणीसे सांगितले होते. वकीलसाहेबांनी समजावले की ज्या माणसाला घराबाहेर काढण्याचा हक्क भांडणाऱ्या वारसांनाच आज नाही, त्याला रिसीव्हर नेमून कोर्टही काढू शकत नाही. संहितेतच तसे लिहिले आहे. त्यालाही मालकासारखा दावा लावून हुकूम मिळवावा लागतो. उलट काकूंना गळक्या छपरासाठी रिसीव्हरवर दावा करायचा तर त्याला नेमणाऱ्या कोर्टाची परवानगी हवी. ती दावा लावल्यानंतरही मिळवता येते, असे सुप्रीम कोर्टाने १९७७ साली एव्हरेस्ट कोल कंपनीच्या खटल्यात म्हटले आहे. काकूंनी भांडी पुन्हा फळीवर लावली.

आता ३६०० रुपये आणि वर व्याज. ह्यांनी पैसे पुढे केले, पण आईने हात लावला नाही. कपाटातल्या लुगड्याच्या घडीतून तिने एक पाकीट काढले. तिच्या दिवसांना आमच्यावर भार नको म्हणून साठवलेले ते पैसे! मला तिथे उभे राहवेना. एकदा दिलेले भाडे तिने त्यातून दुसऱ्यांदा दिले. मधल्या भावाकडून ते वसूल करायला वेगळी लढाई हवी, आणि ती लढायचे तिच्या मनात नाही.

दावा अजून चालू आहे. दर महिन्याचे भाडे मी कोर्टात भरते आणि त्याची पावती त्याच डब्यात जाते. इंग्रजी कागद आला की आई ताबडतोब शेजारच्या मुलाकडून मला फोटो पाठवते.

गेल्या एक तारखेला तो माणूस पुन्हा आला. आईने त्याला बसायला सांगितले, चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली. कप विसळून ठेवला आणि म्हणाली, "आता पुढच्या महिन्यात नुसता चहाला या हो."